पिकअपची चेसिस गंजापासून वाचवायची: तेल, मेण, रंग की रबर?

कमी खर्चात चेसिस टिकवायची असेल, तर माझं मत आधीच सांगतो. दरवर्षी आतून-बाहेरून लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ) किंवा चिकट तेलाचा थर द्या. मेण आणि रंग यांनाही आपापली जागा आहे, तिथे ते तेलापेक्षा सरस ठरतात. रबराचं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा रबरी थर, मात्र गंज धरलेल्या चेसिसवर कोणी फुकट मारून देत असलं तरी घेऊ नका.

कारण गंज कुठून सुरू होतो यात आहे. खाली वाकून बघितलं की चेसिसची बाहेरची बाजू दिसते आणि आपण तिच्यावरच मेहनत घेतो. पण बहुतेक पिकअपच्या चेसिसचा निदान काही भाग चौकोनी पोकळ नळीसारखा बंद असतो. त्याला जागोजागी भोकं असतात. चाकांनी उडवलेला चिखल आणि मीठ तिथून आत जातं आणि तळाशी साचतं. पाणी निघायची भोकं बुजली की तो चिखल महिनोन्‌महिने ओलाच राहतो. चेसिस आतून खात जाते आणि बाहेरचा काळा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो.

रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात तिथे, किंवा समुद्रकाठी, हे फार वेगाने होतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. बर्फ वितळवायला वापरतात ते मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं, म्हणजे ते चिकटलेला लोखंडी भाग जवळपास कायम ओलसर. त्यामुळे कुठलाही थर देण्याआधी खालून भरपूर पाणी मारून धुणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. होजचं तोंड चेसिसच्या भोकात घालून, खालच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं.

हा प्रश्न किती गंभीर आहे याचं ठळक उदाहरण टोयोटाचं आहे. अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोइया या गाड्यांच्या गंजलेल्या चेसिसवरून दावा झाला आणि 2016 मध्ये कंपनीने तडजोड केली. तिचा एकूण खर्च 3.4 अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. गंजून 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलं असेल तर चेसिस बदलून द्यायची, असं त्यात ठरलं. भोक पडल्यावर कुठलाही डबा कामाचा नाही, हा त्यातला आपल्यासाठीचा भाग.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी हातोडी घ्या. मागच्या स्प्रिंगचे पाटे चेसिसला अडकवतात त्या हँगरजवळ, क्रॉसमेंबर (चेसिसच्या दोन बाजू जोडणारे आडवे भाग) जिथे जोडलेत तिथे आणि मागच्या चाकाच्या वर जिथे चेसिस कमान घेते तिथे हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे. आवाज बसका आला, पापुद्रे गळून पडले किंवा हातोडीचं टोक रुतलं, तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा.

आता तेल आणि मेण शेजारी ठेवून बघू. लॅनोलिन हा मेंढीच्या लोकरीतून निघणारा चिकट, स्निग्ध पदार्थ. फ्लुइड फिल्म, वूलवॅक्स ही त्यातली ओळखीची नावं. हा थर सुकत नाही, आणि तोच त्याचा मोठा गुण आहे. दगड लागून ओरखडा पडला तर तो थोडाफार पसरून जागा पुन्हा झाकतो. जोडांमध्ये, पत्र्यावर पत्रा बसलेल्या फटींमध्ये, बोल्टच्या आट्यांमध्ये शिरतो. खाली थोडा गंज असला तरी चालतं, पापुद्रे तेवढे खरवडून काढायचे. मोठ्या पिकअपला आत-बाहेर धरून तीन-चार लिटर लागतात. कॉम्प्रेसर आणि चहूबाजूंनी फवारा सोडणारी लांब नळी मिळाली की काम एका दुपारचं. नळी भोकातून पार टोकापर्यंत आत सरकवायची आणि फवारत हळूहळू मागे ओढायची. भोकाच्या कडेने तेल ओघळायला लागलं की तेवढा भाग भरला असं समजा.

तोटेही आहेत. दरवर्षी हे पुन्हा करावं लागतं. चाकांच्या माऱ्यात येणाऱ्या जागी थर त्याआधीच धुऊन जातो. पहिले काही दिवस वास येतो, धूळ चिकटते आणि पुढे खालचं कुठलंही काम करताना हात बरबटतात. नैसर्गिक रबर लॅनोलिनने फुगतं, त्यामुळे बुश आणि रबरी भागांवर फवारा टाळा. ब्रेकच्या डिस्क आणि सायलेन्सरचा पाइप झाकूनच काम सुरू करा.

मेण एकदा सुकलं की कोरडी, घट्ट साय धरतं. धूळ चिकटत नाही, चाकांच्या माऱ्यातही ते तेलापेक्षा जास्त टिकतं आणि दरवर्षी सगळं नव्याने करावं लागत नाही, ठिगळं लावली की भागतं. पण त्याला खालची जागा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी लागते, शिवाय पैसेही जास्त. आणि ती साय एकदा फुटली की आपोआप जुळून येत नाही. ओरखड्यातून पाणी आत शिरतं आणि वरून काही कळत नाही. नव्या गाडीवर मी मेणच निवडेन. पाच-सात वर्षं वापरलेल्या गाडीवर तेल.

काही जण गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल फासतात, कारण ते फुकट असतं. कृपा करून हे करू नका. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. तुम्ही पाठीवर झोपून फवारता, ते श्वासातून आत जातं आणि उरलेलं जमिनीत ठिबकतं. तेवढ्याच काटकसरीत बसायचं असेल, तर लाकूड कापायच्या चेनसॉसाठी मिळणारं नवं चेन ऑइल घ्या. ते मुळातच चिकटून राहावं म्हणून बनवलेलं असतं.

रंगाचा डबा स्वस्त असतो, मेहनत मात्र प्रचंड. वायर ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर, मग तेलकटपणा पुसणं, मग प्रायमर, मग रंग. यातली एक पायरी सुटली की वर्षभरात रंग फुगतो आणि नख लावलं तरी सोलून येतो. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा, स्थिर थर बनवणारं द्रव) मारून हे टाळता येईल असं वाटतं, पण त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल पातळ, घट्ट बसलेल्या गंजावरच काम करतं. जाड पापुद्र्यावर मारलं तर वरचा भाग काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. झिंकचा प्रायमर उत्तम, पण जस्ताचा थेट उघड्या लोखंडाशी संबंध आला तरच तो लोखंडाऐवजी स्वतः झिजतो. गंजावर मारलेलं झिंक वाया जातं. मुख्य अडचण अशी, की बंद चेसिसच्या आत ब्रश पोचत नाही. त्यामुळे बाहेर मोजक्या जागी गंज असेल आणि तुमच्याकडे दोन मोकळे दिवस असतील, तरच रंगाच्या वाटेला जा.

रबरी अंडरकोटिंग दिसायला देखणं असतं, खडी आदळल्याचा आवाजही कमी करतं. पण काही काळाने ते कडक होऊन तडकतं, तड्यांतून पाणी शिरतं आणि मागे अडकून राहतं. जुनी पिकअप विकत घेताना खाली ताजं काळं रबर दिसलं, तर सौदा थांबवून हातोडी मागा.

विजेने गंज रोखतो म्हणून बॅटरीला जोडायची इलेक्ट्रॉनिक उपकरणंही विकायला असतात. तसं विद्युत संरक्षण पाण्यात बुडालेल्या जहाजाला किंवा जमिनीत पुरलेल्या पाइपला मिळतं, कारण भोवती सलग ओलावा असतो. हवेत उभ्या असलेल्या गाडीला तो नसतो.

रंग आणि तेल दोन्ही करायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी बाहेरचे डाग खरवडून रंगवा, रंग पूर्ण वाळू द्या, मगच आत-बाहेर तेल फवारा. एकदा तेल लागलेल्या जागी रंग धरणं महाकठीण. काम कोरड्या, उबदार दिवशी करा, आणि गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावाच. रात्रभर खाली पुठ्ठे अंथरून ठिबकू द्या. सकाळी एक तार घेऊन पाणी निघायची सगळी भोकं मोकळी आहेत का ते तपासा, कारण आतला सुटलेला चिखल तेलाबरोबर वाहत येऊन नेमका तिथेच बसतो.