कार्डाचं कर्ज फेडायला सोसायटीचं कर्ज: चौदा हप्त्यांनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये, मिस्टरांच्या कंपनीतल्या कामगार पतसंस्थेतून आम्ही १,८०,००० रुपये कर्ज काढलं. कंपनीत सगळे तिला 'सोसायटी'च म्हणतात. त्या पैशातून क्रेडिट कार्ड, एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन आणि मोबाइल ॲपवरची दोन छोटी कर्जं एकदम मिटवली. या महिन्याच्या पगारातून चौदावा हप्ता कापला गेला. कर्ज काढायच्या आधी मला असा अनुभव कुठे वाचायला मिळाला नव्हता. जो तो व्याजाचा दर सांगून मोकळा होत होता.

आधी घरची परिस्थिती सांगते. आम्ही नाशिकला सातपूर भागात भाड्याने राहतो, दोन मुलं, सासूबाई आमच्याकडेच. हे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहेत, हातात २९,४०० येतात, ओव्हरटाइम असला तर थोडे वर. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत पाच हजार होतात, आषाढात दोनसुद्धा होत नाहीत. हिशेबाची वही माझ्याकडे असते.

मोठं संकट काही आलं नव्हतं. लोकांना वाटतं कर्ज झालं म्हणजे आजारपण किंवा लग्न असणार. आमच्याकडे शाळेची फी, फ्रिज, गावाकडचं एक कार्य, मग एका दिवाळीची खरेदी, असं करत करत कार्ड ७४,००० वर गेलं. आणि ते तिथेच बसलं, कारण आम्ही दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरत होतो आणि आपण वेळेवर भरतोय या समाधानात होतो.

एका रात्री मी वहीत मांडलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ७४,००० वर झाले २,५९०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४६६. एकूण ३,०५६. मिनिमम ड्यू शिलकीच्या पाच टक्के, म्हणजे ३,७००. म्हणजे ३,७०० भरल्यावर मूळ कर्जातले फिटले जेमतेम ६४४ रुपये! वर त्याच महिन्यात किराणा कार्डावर घेतला की त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. मिस्टरांनाही नव्हतं. कार्ड देणाऱ्या मुलाने फक्त 'पन्नास दिवस फुकट' एवढंच सांगितलं होतं.

कार्डाचे ३,७००, फायनान्स कंपनीचा हप्ता ५,२३० आणि ॲपवाल्यांचे मिळून २,९०० असे महिन्याला ११,८३० जात होते. भाडं ७,०००. उरलेल्यात पाच माणसं. एप्रिलमध्ये हप्त्याच्या दिवशी खात्यात चारशे रुपये कमी पडले, हप्ता बाउन्स झाला. बँकेने २९५ कापले, फायनान्स कंपनीने ५९० लावले. चारशेपायी ८८५. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वसुलीचा फोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी कळलं असतं तरी मी काही बोलले नसते, लाजच एवढी वाटली होती.

सोसायटीचा दर ११ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ५,८९३. सगळ्यात आधी विचारा की व्याज शिल्लक रकमेवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर. आमचं शिल्लक रकमेवर आहे, तीन वर्षांत मिळून साधारण ३२,००० व्याज जाईल. हेच ११ टक्के फ्लॅट असते तर ५९,४०० गेले असते. दर ऐकायला एकच, पैसे जवळजवळ दुप्पट.

एक लाख ऐंशी मंजूर झाले म्हणजे तेवढे हातात आले असं नाही. कर्जाच्या पाच टक्के, म्हणजे ९,००० शेअर्सपोटी कापले. फॉर्म वगैरे ३५०. आणि फायनान्स कंपनीचं कर्ज मुदतीआधी बंद करायचं म्हणून ८२,००० वर चार टक्के आणि त्यावर जीएसटी, असे ३,८७० वेगळे. सगळी कर्जं मिटवायला ९,२२० रुपये कमी पडले. मी बायकांच्या भिशीतून माझा नंबर आधी उचलला तेव्हा जमलं. शेअर्सचे पैसे बुडत नाहीत, सभासदत्व सोडताना परत मिळतात, त्यावर लाभांशही मिळतो (कायद्याने जास्तीत जास्त १५ टक्के, आमच्याकडे यंदा ९ टक्के दिला). पण ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी ते हातात नसतात. मागताना हे धरूनच मागा.

आता आमची चूक. कार्ड मिटवलं ते शंभर टक्के बरोबर. ७४,००० वर महिन्याला ३,०५६ जायचे, तेच ११ टक्क्यांनी पहिल्या महिन्यात ६७८. पण फायनान्स कंपनीच्या कर्जाचं गणित मी नंतर केलं आणि डोक्याला हात लावला. त्याचे १९ हप्ते राहिले होते, त्यात पुढे जाणारं व्याज १७,३७० होतं. आम्ही ते मिटवून तेवढीच रक्कम तीन वर्षांवर नेली. दर २४ वरून ११ वर आला, पण मुदत जवळजवळ दुप्पट झाली. त्या ८२,००० वर सोसायटीला १४,६५० व्याज जाणार, अधिक ३,८७० दंड. म्हणजे १८,५२०. दर निम्म्याहून कमी होऊनही आमचे अकराशे-बाराशे जास्तच जाणार. मिस्टर म्हणतात, महिन्याचा हप्ता ५,२३० वरून त्या वाट्याचा २,६८५ वर आला, त्याची किंमत धर. त्यांचंही बरोबर आहे, तेव्हा श्वास घ्यायला जागा हवीच होती. तरी मी पुन्हा करायचं झालं तर फक्त कार्ड आणि ॲप मिटवीन, ९५,००० च्या आसपास कर्ज काढीन आणि ते जुनं कर्ज चालू देईन.

ॲपची कर्जं सगळ्यात सोपी निघाली. पैसे भरले, दोन दिवसांत ना-देय दाखला मेलवर आला, ॲप काढून टाकलं. काढायच्या आधी मोबाइलमधल्या परवानग्या बघितल्या तर एकाने फोनबुक मागितलेलं होतं. २०२२ पासून कर्जाच्या ॲपला फोनबुक बघायची मनाई आहे. तसं कोणी मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

कार्ड बंद करणं मात्र नको झालं. स्टेटमेंटवरची पूर्ण रक्कम भरली, सुटलो म्हटलं. पुढच्या महिन्यात १,१२० रुपयांचं बिल! स्टेटमेंट निघाल्यापासून आम्ही पैसे भरेपर्यंत जे अकरा दिवस गेले त्यांचं व्याज. भिशीचे पैसे संपलेले, ते ब्लाउजच्या पैशातून भरले. त्यानंतर बंद करायचा अर्ज दिला तर रोज फोन. वार्षिक फी माफ करतो, लिमिट वाढवून देतो, कशाला बंद करता ताई. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मी हे मेलमध्ये लिहिलं आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन असंही लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी बंद झालं. पाचशेंचं त्यांनी काही काढलं नाही, मीही सोडून दिलं. सोडायला नको होतं.

कार्ड ठेवून नुसतं वापरायचं नाही, असं मिस्टरांचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. कर्ज फिटलेलं कार्ड घरात म्हणजे गोडाचा डबा उघडा ठेवण्यासारखं. आमच्या ओळखीतल्या दोन घरांत असंच झालं: कर्ज काढून कार्ड फेडलं, वर्षात कार्ड पुन्हा भरलं, आता दोन्ही चालू आहेत.

सेटलमेंटचेही फोन यायचे, ४५,००० द्या आणि मोकळे व्हा. घेतलं नाही, कारण मग सिबिलवर (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे) 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढचा कर्ज देणारा तो आधी वाचतो. ज्यांना खरंच भरणं शक्य नाही त्यांची गोष्ट वेगळी. फी घेऊन कर्जमुक्त करणाऱ्यांचे फोन आले ते मी ऐकूनच घेतले नाहीत. आणि सिबिलचं म्हणाल तर अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, तो काढा. आमचा आकडा ६४१ होता, आता ७०२ आहे. आमची सोसायटी सिबिलला माहिती पाठवत नाही, त्यामुळे वेळेवर जाणाऱ्या या चौदा हप्त्यांचं तिथे कौतुक नाही.

पगारातून परस्पर कपात हा या कर्जाचा गुण म्हणतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे कंपनी हप्ता कापून सोसायटीला भरते, आपल्या हातात पैसे येतच नाहीत. बाउन्स नाही, फोन नाही, तारीख लक्षात ठेवणं नाही. पहिले सहा महिने मला हे स्वर्गासारखं वाटलं. मग फेब्रुवारी आला. कंपनीत काम कमी, ओव्हरटाइम बंद, यांचे पाच दिवस बिनपगारी. कपात मात्र पूर्ण: ५,८९३ हप्ता आणि ५०० मासिक वर्गणी. हाती आले अठरा हजार. बँकेचा हप्ता असता तर एखादा आठवडा दंड सोसून का होईना पुढे ढकलता आला असता. इथे सोसायटी आधी, घर नंतर. मार्चपर्यंत वाण्याकडे ४,३०० उधारी झाली. त्याने व्याज लावलं नाही, पण आधी मला हसून 'या वहिनी' म्हणणारा माणूस वहीकडे बघून बोलायला लागला.

म्हणून आता मी महिन्याचे आधीचे ११,८३० आणि आत्ताचे ६,३९३ यातला फरक मोजून ठेवते. पहिले दोन महिने तो फरक कुठे गेला तेच कळलं नव्हतं, म्हणजे खरं तर कळलं होतं, मुलांच्या बुटांत आणि बाहेरच्या खाण्यात गेला. नोव्हेंबरपासून ३,००० वेगळ्या पोस्टाच्या खात्यात टाकते, ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. गेल्या दिवाळीचा बोनस कर्जात भरावा असं वाटत होतं, सोसायटीत मुदतीआधी भरायला दंडही नाही. पण त्यातले १२,००० मी याच खात्यात ठेवले. वाण्याची उधारी त्यातून मिटवली, जूनमध्ये स्कूटरचं इंजिन त्यातून झालं. कर्ज लवकर फिटलं नाही, पण नवीन झालं नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते. या कर्जाला विनातारण म्हणतात. घर नाही, सोनं नाही, काही गहाण नाही. पण दोन जामीनदार लागतात, त्याच कंपनीतले, आणि आपण थकलो तर हप्ता त्यांच्या पगारातून कापला जातो. बँकेच्या कार्डामागे आमचं नाव सोडून काही नव्हतं. इथे दोन घरं तारण आहेत. यांच्यासोबत बारा वर्षं एकाच शिफ्टला असलेले दोघे जामीन राहिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांतल्या एकांच्या मिसेस आल्या होत्या. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, माझ्या नव्या पडद्यांकडे बघितलं (मीच शिवलेले, कापड ६० रुपये मीटर) आणि जाताना दारात हळूच म्हणाल्या, "वहिनी, हप्ता जातोय ना वेळेवर?" त्यांचं काही चुकलं नाही. मीही विचारलं असतं. पण त्यानंतर मी कॉलनीत नवी साडी नेसून जाताना दोनदा विचार करते. वसुलीच्या फोनने जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं.

कर्ज फिटतंय का? फिटतंय. एक लाख ऐंशीतले आता १,१७,००० च्या आसपास राहिलेत. यंदाच्या बोनसमधून दहा हजार भरायचा विचार आहे. बाकीच्यांनी हे करावं का, तर कार्ड मिनिमम ड्यूवर चालू असेल आणि कंपनीत सोसायटी असेल तर जरूर करावं, मात्र कार्ड त्याच महिन्यात बंद करून, आणि जामीनदाराला आपला खरा आकडा सांगून. आम्ही त्यांना 'थोडं घरकामासाठी' असं सांगितलं होतं. ते अजून माझ्या मनात आहे.

परवा त्या दोघांतलेच एक जामीनदार घरी आले. त्यांना दोन लाख काढायचेत, आता आम्ही जामीन राहावं म्हणून. चहा झाला, फॉर्म टीव्हीखालच्या खणात ठेवून गेले. ते गेल्यावर मी मिस्टरांना म्हटलं, कशासाठी काढताहेत ते विचारलंत का.

मिस्टर म्हणाले, "त्यांनी आपल्याला विचारलं होतं?"

गुरुवारी सोसायटीत सह्यांचा दिवस आहे.