जुन्या गोल्फ फायनल यूट्यूबवर अख्ख्या बघितल्या, त्याचा रिव्ह्यू

आमच्या घरात गोल्फ म्हणजे बाबांचं खूळ. आर्मीत होते, छावणीच्या कोर्सवर शिकले, आता गुडघ्यांमुळे खेळणं बंद आहे, म्हणून मी टीव्हीवर त्यांना मास्टर्स आणि द ओपन या दोन मोठ्या गोल्फ स्पर्धांची ऑफिशियल यूट्यूब चॅनेल लावून दिली. विचार असा होता की दुपारी तासभर गुंततील. आता महिना झाला आणि रिमोट आम्हाला मिळत नाही.

मास्टर्सच्या चॅनेलवरची खरी गंमत म्हणजे जुन्या फायनल राऊंडची अख्खी प्रक्षेपणं. आम्ही सुरुवात १९८६ पासून केली, कारण बाबांची पाठ असलेली मॅच तीच. ४६ वर्षांचा जॅक निकलॉस, पिवळा टी-शर्ट, पोरगा कॅडी (बॅग उचलणारा), हातात तो भलामोठा पटर (बॉल होलमध्ये ढकलायची काठी), आणि १७व्या होलवर बॉल आत पडायच्या आधीच डाव्या हाताने पटर वर उचललेला. हा सीन हायलाइटमध्ये शंभर वेळा बघितलाय, त्यामुळे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की १७वर पट (पटरचा फटका) आत गेला आणि तिथेच मॅच संपली. अजिबात नाही हो! निकलॉस १८वर पार करून (म्हणजे होलला ठरलेल्या फटक्यांतच) दिवसाचे ६५ फटके मारून जाऊन बसतो (गोल्फमध्ये कमी फटके तो पुढे), मग टॉम काईटला बरोबरीसाठी एक पट मिळतो तो कडेने निघून जातो, आणि मागून ग्रेग नॉर्मन येतोय तो १४ ते १७ अशा ४ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) लागोपाठ मारून. म्हणजे तोही बरोबरीत! आणि १८च्या फेअरवेवरून (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) चार नंबरच्या आयर्न काठीने मारलेला त्याचा बॉल सरळ उजवीकडे प्रेक्षकांत. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. संपलं. निकाल माहीत असूनही मी सोफ्याच्या टोकावर येऊन बसलो होतो, तर तेव्हा आघाडीवर असलेल्या सेवे बॅलेस्टेरोसने १५वर बॉल तळ्यात घातला तेव्हा प्रेक्षकांतून जो आवाज येतो तो ऐकून बायको किचनमधून विचारत आली की काय झालं.

म्हणजे सांगायचं काय, तर हायलाइटमधून वाट बघणंच कापलेलं असतं आणि गोल्फमध्ये निम्मा खेळ वाट बघण्यात असतो. निकलॉस दिवसाच्या सुरुवातीला ४ शॉट मागे होता, आणि शेवटचे ९ होल ३० फटक्यांत केले तेही १२वर एक बोगी खाऊन. ही बोगी मला माहीतच नव्हती. बाबांनाही आठवत नव्हती, पण ते कबूल करणार नाहीत.

आता तक्रारी. म्हणजे चॅनेलबद्दल नाही, जमान्याबद्दल. आजच्यासारखी बॉलमागे रंगीत रेघ नाही, पांढरा बॉल आकाशात गेला की गेला, कॅमेरामन बिचारा अंदाजाने फिरतोय. स्क्रीनवर स्कोअर सतत नसतो, मधेच येतो, त्यामुळे कोण किती मागे आहे हे लक्षात ठेवायला लागतं (आमच्याकडे पेपरच्या कडेवर लिहितात). आणि ऑगस्टावाले (मास्टर्स जिथे होते तो क्लब) तेव्हा सगळे १८ होल टीव्हीवर दाखवूच देत नसत, ते २००२ पासून सुरू झालं, त्यामुळे जुन्या वर्षांत पहिल्या ९ होलची फार अपेक्षा ठेवू नका. नवीन माणसाला हे बोअर होऊ शकतं, माझ्या मुलाने १५ मिनिटांत उठून मोबाईल घेतला.

द ओपनच्या चॅनेलचा बाज वेगळा. तिथे दरवर्षीची ऑफिशियल फिल्म असते, म्हणजे एडिट केलेली, मागे निवेदक. ताट वाढून समोर आणतात, तुम्ही फक्त जेवायचं. छान असतं, पण मला अख्ख्या प्रक्षेपणाची चटक लागल्यावर थोडं घाईचं वाटलं.

पण १९९९चं कार्नूस्टी, म्हणजे त्या कोर्सवर झालेली द ओपन. आमच्या घरी ह्या मॅचचा इतिहास आहे. तेव्हा बाबा रात्री जागून लाइव्ह बघत होते, फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड ३ शॉट पुढे आणि एकच होल बाकी, म्हणजे डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) केली तरी कप त्याचा. त्याचा दुसरा शॉट स्टँडच्या रेलिंगला लागला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, तिथून उलटा रफमध्ये (वाढलेल्या गवतात), तिसरा थेट ओढ्यात, हा गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला आणि ऐन तेव्हाच आमची केबल गेली. गेली ती सकाळी आली. बाबांना पॉल लॉरी जिंकल्याचं पेपरात कळलं, आणि गेली २५ वर्षं ते सगळ्यांना सांगत आलेत की त्या फ्रेंच माणसाने पाण्यात मॅच घालवली.

परवा पुढचं बघितलं. तो पाण्यातून खेळलाच नाही! एका फटक्याची पेनल्टी घेऊन बॉल बाहेर ड्रॉप केला, पुढचा शॉट बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), त्याच बंकरमधून त्याच्यासोबत खेळणाऱ्या क्रेग पॅरीने थेट होलमध्ये घातला, मग ह्याने बाहेर काढून सहासात फुटांचा पट घातला. त्या होलचे ७ फटके झाले, पण त्या पटमुळेच तो प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा होलमध्ये) गेला, आणि तिथे लॉरीने शेवटच्या २ होलना बर्डी मारल्या. बाबा दोन मिनिटं गप्प. मग, "अरे, हा पट घातला होता त्याने? मग एवढी वर्षं मी त्याला शिव्या कशाला घालतोय?"

पैसे शून्य, इंटरनेट मात्र बरं हवं. पाचपैकी साडेचार, अर्धा माझ्या रिमोटसाठी कापला. नवीन असाल तर १९८६च्या १३व्या होलपासून लावा, पुढे आपोआप बसाल.

सध्या टर्नबेरी कोर्सवरची १९७७ची द ओपन चालू आहे, टॉम वॉटसन विरुद्ध निकलॉस, उन्हाने करपलेलं गवत, चार राऊंडचे मिळून वॉटसन २६८ आणि निकलॉस २६९ फटके, तिसरा हुबर्ट ग्रीन थेट २७९. १५व्या होलवर वॉटसन ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) बाहेरून साधारण ६० फुटांवरून पटरने बॉल आत घालतो, तिथे बाबांनी पॉज केलं आणि ६० फूट म्हणजे किती ते बघायला सोफ्यापासून पावलं मोजत निघाले. हॉल संपला, पॅसेज संपला, मग दार उघडून लिफ्टपर्यंत गेले आणि समोरच्या काकूंच्या चपलांपाशी उभे राहून मला ओरडून म्हणाले, "इथून!"