हिरव्या शिसोची जुडी: दहा पानांचे मोल

जपानमधील सुपरमार्केटांत भाज्यांच्या शीतकपाटात हिरव्या शिसो या सुगंधी पालेभाजीची पाने ‘ओबा’ या नावाने, बहुधा दहा-दहाच्या जुड्या बांधून विकायला असतात. आइची प्रांतात, विशेषतः तोयोहाशीच्या परिसरात, हरितगृहांतून त्यांचे मोठे उत्पादन होत असल्यामुळे ती बाराही महिने मिळतात. एका जुडीला साधारण १०० येन पडतात, आणि एवढ्या पैशांत जेवणाची चव इतकी पालटणारी दुसरी भाजी माझ्या पाहण्यात नाही.

शिसो पुदिना आणि तुळशीच्या कुळातील असली, तरी तिचा गंध या दोहोंहून निराळा, तीव्र आणि किंचित तिखटसर आहे. तो मुख्यतः पेरिलाल्डिहाइड या उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे येतो. पान चिरताच तो दरवळतो आणि उष्णतेने लवकर ओसरतो. म्हणूनच पाने आयत्या वेळी, धारदार सुरीने, केसासारखी बारीक चिरून थंड तोफूवर किंवा सोमेन शेवयांवर घालावीत. साशिमीसोबत, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांसोबत, ठेवलेले अख्खे पानही केवळ सजावट समजून बाजूला सारू नये. त्यात माशाचा तुकडा गुंडाळून खाल्ला की माशाचा स्निग्धपणा हलका होतो. तेंपुरा ही जपानी भजी करताना पिठाचे पातळ मिश्रण पानाच्या एकाच बाजूला लावून तळावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचा हिरवा रंग टिकतो आणि पान कुरकुरीत होते.

या पानांचा खरा दोष म्हणजे ती फार लवकर कोमेजतात. बरणीत थोडे पाणी घेऊन फक्त देठांची टोके बुडतील अशी ती उभी ठेवावीत आणि झाकण लावून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. पाते पाण्यात भिजले तर काळे पडते. विकत घेताना देठाचे टोक ताजे आहे ना, हे मी आधी पाहते.

जून-जुलैमध्ये बाजारात येणारी लाल शिसो ही वेगळ्या कामाची. मिठाने चोळून कडवट रस काढून टाकलेली ही पाने उमेबोशीत, म्हणजे उमे या आंबट फळांच्या खारवलेल्या लोणच्यात, घातली, की फळातील आम्लामुळे पानांतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य खुलते आणि सुंदर तांबडा रंग येतो. क्योतोजवळच्या ओहारा गावचे शिबाझुके लोणचेही याच पानांवर उभे आहे. लाल शिसो वाळवून केलेली खारट भुकटी ओनिगिरी या भाताच्या मुटक्यांच्या भातात उत्तम लागते, मात्र ताज्या ओबाच्या जागी ती मुळीच चालत नाही.