चौथीतल्या मुलांची स्लॅमबुके: कुलपाची, रिंगची आणि एक साधी मराठी वही

चौथीचे वर्ष संपत आले की वर्गात एक वेगळीच धांदल सुरू होते. राज्यातल्या पुष्कळ प्राथमिक शाळा अजूनही चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे त्यानंतर कोणी हायस्कूलच्या पाचवीत जाते, कोणी माध्यम बदलते, कोणाच्या वडिलांची बदली होते आणि चार वर्षे एका बाकावर बसलेली मुले पांगतात. एके काळी दहावीच्या निरोप समारंभापुरती असलेली स्लॅमबुकची, म्हणजे आठवण म्हणून सोबत्यांकडून त्यांची माहिती आणि आवडीनिवडी लिहून घ्यायच्या छापील वहीची, पद्धत आता नऊ-दहा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचली आहे. आमच्या मुलीसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून तीन प्रकारच्या वह्या आणल्या, त्या वर्गात फिरून भरून आल्या, आणि तिच्या परवानगीने वाचल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहोत. नावे मुद्दाम देत नाही. तोच मजकूर वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विकला जातो आणि वर्णन सांगितले की दुकानदार नेमकी वही काढून देतो.

सर्वांत महाग वही २५० रुपयांची, जाड चकचकीत पुठ्ठ्याची आणि छोटे पितळी रंगाचे कुलूप लावलेली. मुलांना पहिल्या नजरेत हीच आवडते. मात्र मैत्रिणीकडच्या तसल्याच वहीची चावी या कुलपालाही बिनदिक्कत लागते, त्यामुळे गुपिताची हमी मुखपृष्ठापुरतीच समजावी. आतला कागद गुळगुळीत असल्याने जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पान उलटताच समोरच्या पानावर उमटते. दोन ओळींतले अंतर इतके कमी आहे की चौथीतल्या मुलाचे अक्षर त्यात मावत नाही.

खरी अडचण रकान्यांची आहे. नाव, टोपणनाव, रास, उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग अशी ही इंग्रजी यादी कुठल्या तरी परदेशी वहीवरून जशीच्या तशी उतरवलेली दिसते, कारण आपल्याकडच्या वर्गात डोळ्यांच्या आणि केसांच्या रंगाला पानोपानी ‘ब्लॅक’ याखेरीज उत्तरच नाही. एका मुलाने मात्र डोळ्यांच्या रंगापुढे ‘आईला विचारून सांगतो’ असे लिहिले आहे. पुढे ‘क्रश’ नावाचा रकाना येतो. नऊ वर्षांच्या मुलांना हे विचारण्याचे कारण काय, हे छापणाऱ्यालाच ठाऊक. एका मुलीने तिथे निरागसपणे ‘कँडी क्रश’ लिहून प्रश्न निकालात काढला आहे. घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांसाठी तर अर्धे पान राखून ठेवले आहे. मुलांकडे स्वतःचे क्रमांक नसतात, म्हणजे प्रत्यक्षात वर्गातल्या सर्व आईवडिलांचे क्रमांक एका वहीत गोळा होऊन ती वही महिनाभर कोणाच्याही दप्तरात फिरते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कागदी वहीला तो लागू नसला, तरी हे पान कोरे सोडायला मुलांना सांगणे आपल्या हातात आहे.

बांधीव वहीची आणखी एक खोड वापरल्यावरच कळते. भरणारा आधीची पाने वाचूनच आपले पान भरतो. पहिल्या मुलाने आवडता पदार्थ म्हणून पनीर लिहिले, तर पुढची सहा-सात पाने पनीरचीच निघतात आणि मग कोणी तरी धीट मुलगी कोंबडीवडे लिहिते, की तिथून पुढे कोंबडीवड्यांची रांग लागते.

यावर उपाय म्हणून रिंगची, सुट्या पानांची वही घ्यावी असे वाटते, पण तिचा अनुभव निराळाच आला. सुटे पान घरी जाते आणि घरी ते आईवडिलांच्या देखरेखीखाली भरले जाते. काही पानांवर अक्षरही मोठ्या माणसाचे आहे. ‘मी शिस्तप्रिय व आज्ञाधारक असून वाचन हा माझा छंद आहे’ असे वाक्य चौथीतला मुलगा आपणहून मित्राला लिहीत नाही. ते निबंधाच्या वहीतून आलेले असते किंवा प्रवेशाच्या मुलाखतीच्या तालमीतून. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली, तरी तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ‘माय नेम इज’ घोटून घेणाऱ्या घरांची आपल्याकडे वाण नाही. तिथून लागलेली सवय १५० रुपयांच्या रिंगच्या वहीत उतरली, यात वहीचा फारसा दोष नाही. कागद चांगला आहे, पाने वाढवता येतात, एवढे तिच्या बाजूने नोंदवतो.

तिसरी वही १२० रुपयांची, पिवळसर साध्या कागदाची आणि संपूर्ण मराठी आहे. दुकानात ती खालच्या फळीवर असते व मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. तिच्यात प्रत्येक मुलाला दोन पाने दिली आहेत आणि बहुतेक ठिकाणी रकान्यांऐवजी प्रश्न आहेत. दिसण्याविषयीचा प्रश्न असा आहे: ‘जत्रेच्या गर्दीत तुला शोधायचे असेल तर काय पाहावे?’ या एका प्रश्नाने वर्गच्या वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. कोणाच्या भुवईवर झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे, कोणाचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे, कोणाची वेणी आजी इतकी घट्ट घालते की डोळे वर ओढलेले दिसतात. एकाने ‘मी दिसणार नाही, मी पाळण्यात बसलेला असेन’ असे उत्तर दिले आहे. उंची, वजन आणि रंग यांच्या तक्त्यातून यातले काहीच हाती लागले नसते.

स्वभावाचेही तसेच. पहिल्या दोन वह्यांत ‘स्वभाव’ या शब्दापुढे शांत, प्रेमळ, हुशार ही प्रगतिपुस्तकातली विशेषणे आलटून पालटून येतात. या वहीत ‘तुला राग कधी येतो आणि मग तू काय करतेस किंवा करतोस?’ असे विचारले आहे, आणि ‘धाकटा भाऊ माझ्या खोडरबरात पेन्सिल खुपसतो तेव्हा, मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि ओरडते’ असे उत्तर मिळाले आहे. छंदाच्या जागी ‘काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय केले?’ हा प्रश्न आहे, त्यामुळे वाचन आणि चित्रकला यांची गर्दी ओसरून बाटल्यांची झाकणे जमवणे, आजोबांबरोबर बातम्या पाहणे, गच्चीत कबुतरे हाकलणे अशा खऱ्या गोष्टी कागदावर आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात मुलांनी स्वतःचे व सोबत्यांचे मूल्यमापन करण्याची कल्पना मांडली आहे. तशी पाने तयार करणाऱ्यांनी ही स्वस्त वही एकदा चाळावी, कारण मूल स्वतःविषयी खरे बोलते ते बव्हंशी प्रश्नावर अवलंबून असते.

एवढी समजदार वही एका ठिकाणी मात्र सपशेल घसरते. दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘वर्ण’ असा शब्द आणि त्यापुढे गोरा, गहूवर्णी, सावळा अशा तीन चौकटी खूण करण्यासाठी छापल्या आहेत. एका मुलीच्या पानावर सावळ्याच्या चौकटीतली खूण खोडून ती गहूवर्णीच्या चौकटीत केली आहे आणि खोडलेल्या जागी कागद इतका घासला गेला आहे की मागचे अक्षर दिसते. लग्नाच्या जाहिरातींतली ही वर्गवारी मुलांच्या वहीत आणण्याचे काहीही कारण नव्हते. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ काढून टाकले. प्रकाशकाला तर फक्त तीन चौकटी काढायच्या आहेत. तोपर्यंत घेणाऱ्यांनी वही वर्गात जाण्यापूर्वी त्या ओळीवर नावाच्या कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. आम्ही पुढच्या प्रतीत तसे केले आणि मुलांनी त्या चिठ्ठ्यांवर फुले काढली.

बांधणी कमकुवत आहे. पाने शिवलेली नसून गोंदाने चिकटवलेली आहेत आणि वही पूर्ण उघडून दाबली की मधली पाने सुटतात, म्हणून घेतल्याबरोबर मधोमध दोन टाके घालावेत. एका वहीत चाळीस मुले मावतात. पन्नासच्या वर्गासाठी दुसरी प्रत घ्यावी लागते, आणि दोन प्रतींचा खर्च धरूनही ती कुलपाच्या वहीपेक्षा दहा रुपयांनी स्वस्तच पडते. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ही वही दुकानांतून संपते, तेव्हा ती जानेवारीअखेर घेऊन ठेवावी आणि पाकीट दुकानातच उघडून पाने कोरी व सलग आहेत ना, ते पाहावे.