सीईटीसाठी घरी शिकवणी लावली त्याला आठ महिने झाले, आमचा अनुभव

सीईटी म्हणजे बारावीनंतरची इंजिनिअरिंग प्रवेशाची परीक्षा, त्यासाठी जुलैमध्ये मुलाला घरी येऊन शिकवणारे सर लावले, आता मार्च संपत आला, बोर्डाची परीक्षापण झाली. म्हटलं सविस्तर लिहावं, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा सगळीकडे "छान शिकवतात" एवढंच वाचायला मिळायचं.

अकरावीला त्याला मोठ्या क्लासला घातलं होतं. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी ग्रुपवर मार्क, आणि तो पेपर परत कुणी उघडायचंच नाही. मॅथ्सला 100 पैकी 46, पुढच्या रविवारी 44, विचारायला गेलं की "प्रॅक्टिस वाढवा". पोरगं रात्री बारापर्यंत गणितं सोडवायचं आणि मार्क तिथेच, फार वाईट वाटायचं बघून.

या सरांनी पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही. जुने पेपर मागितले आणि 46 मार्कवाल्या पेपरातल्या चुकलेल्या 27 प्रश्नांपुढे त्याच्याकडूनच एकेक अक्षर लिहून घेतलं. सं म्हणजे संकल्पनाच कळली नाही, आ म्हणजे आकडेमोड, वा म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, वे म्हणजे वेळ पुरला नाही. 27 पैकी 12 प्रश्न त्याला येत होते! वर्षभर आम्ही समजत होतो की त्याचं मॅथ्स कच्चं आहे.

मग चुकांची वही सुरू झाली. चुकलेला प्रश्न डाव्या पानावर, उजवं पान कोरं. तिसऱ्या दिवशी न बघता सोडवायचा, परत पंधराव्या दिवशी, दोन्ही वेळा बरोबर आला तरच काट मारायची.

एक प्रसंग सांगते. फिजिक्सच्या रोटेशनल डायनॅमिक्स धड्यात चकतीच्या टँजंटभोवतीचा (कडेला टेकणाऱ्या रेषेभोवतीचा) मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे चकती त्या रेषेभोवती फिरवायला किती जड ते माप, विचारला होता, टँजंट चकतीच्याच प्रतलात म्हणजे तिच्या सपाटीत. याने 3/2 एमआर स्क्वेअर (एम वस्तुमान, आर त्रिज्या) लिहिलं, उत्तर 5/4. वहीत "वा" लिहून मोकळा झाला. सरांनी माझ्याकडून स्टीलची ताटली मागून घेतली, कडेला पेन्सिल आडवी टेकवली, मग तीच उभी धरली आणि विचारलं, "आता सांग, मध्यातनं जाणारा समांतर अक्ष कुठला?" आडव्या पेन्सिलीला समांतर तो व्यास, म्हणजे 1/4 आणि अक्ष कडेला सरकल्याचा 1, झाले 5/4; उभीला 1/2 अधिक 1, म्हणजे याचं 3/2. पोरगं गप्प बसलं, मग स्वतःच "वा" खोडून "सं" लिहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होते. वाचायची चूक नव्हतीच ती, अक्षच डोळ्यासमोर येत नव्हता.

वेळेचंही तसंच. सीईटीत मॅथ्सला 90 मिनिटांत 50 प्रश्न पण फिजिक्स-केमिस्ट्री मिळून तेवढ्याच वेळात 100, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही, आणि हा दोन्हीकडे एकाच चालीने जायचा. आता पहिल्या फेरीत फक्त बघताक्षणी येणारे, मग बाकीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. अकरावीचा भाग साधारण 20 टक्के असतो, त्याला सरांनी फक्त रविवार दिला, बाकी सगळा जोर बारावीवर.

आता कमी काय वाटलं तेही लिहिते. इनऑरगॅनिक केमिस्ट्रीला ही पद्धत फारशी चालत नाही, तिथे पाठच करावं लागतं आणि सर तिथे कमी पडले असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे दोन महिने मार्क जवळजवळ हललेच नाहीत, माझा धीर सुटत आला होता. दिवाळीनंतर त्याने वही लिहायचा कंटाळा केला, तीन आठवडे काट एकपण नाही, डिसेंबरच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) जुन्याच चुका परत. तेव्हापासून मी रोज रात्री वही उघडून बघते, गणित मला कळत नाही पण पान कोरं आहे का ते तर कळतं. फी पण क्लासपेक्षा कमी नाही.

मुलाचा पायाच कच्चा असेल तर आधी तो करून घ्या, चुकांची वही त्यानंतर. पण मूल मेहनत करतंय आणि मार्क अडकलेत असं असेल तर नवीन टेस्ट सिरीज घ्यायच्या आधी जुने पेपर काढून त्याच्यासोबत बसाच, मनापासून सांगते.

दुसरी वही चालू आहे. कालच्या मॉकमध्ये मॅथ्सला 78 आले, चुकलेल्या 11 मध्ये "वा" दोनच. बाकीचे नऊ बघायला सर आज सातला येणारेत.