क्यूसीएक्स-मिनी: नौदलातल्या टेलिग्राफिस्ट वडिलांसाठी पठारावरचा मोर्स संच

निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला चढवला. नौदल दिन म्हणूनच त्या तारखेला. त्या युद्धात वडील जहाजावर टेलिग्राफिस्ट असतील, तर त्या दिवशी साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या पठारावर बसून हाताने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचे संकेत, रेडिओवरून पाठवावा. याहून समर्पक मानवंदना आम्हाला सुचत नाही. क्यूआरपी लॅब्स या कंपनीचा क्यूसीएक्स-मिनी हा कमी शक्तीचा छोटा रेडिओ संच त्यासाठी उत्तम. या संचावरून बोलता येत नाही, तो मुख्यतः मोर्ससाठीच आहे, आणि इथे तेवढंच हवं.

किट (स्वतः जोडायचा संच) 40 मीटर बँडचा, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा घ्या. दिवसा मुंबई-पुणे-गोवा या पट्ट्यासाठी तोच बँड कामाचा. शक्ती 3 ते 5 वॅट. ऐकताना शंभर मिलिअँपिअरही लागत नाहीत, पाठवताना साधारण अर्धा अँपिअर. 3 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवसभर पुरते. बारीक भाग बोर्डावर आधीच बसवलेले येतात. खरी कसोटी टी1 या टोरॉइडची, म्हणजे तार गुंडाळायच्या कड्याची. त्यावर चार गुंडाळ्या असतात आणि एखादं टोक उलटं लागलं किंवा तारेवरचं इनॅमल (विद्युतरोधक लेप) नीट जळलं नाही, तर संच जवळपास बहिरा होतो. प्रत्येक टोक डाग दिल्यावर मल्टिमीटरने तपासा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे पाठवणारे तीन बीएस170 ट्रान्झिस्टर. अँटेना न जोडता की (मोर्स पाठवायची कळ) दाबली किंवा एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळत नाही याचं माप) फार चढला, तर ते तापून जातात. सुटे चार-सहा जवळ ठेवा.

अँटेनासाठी 7 मीटरचा फायबर खांब आणि उलट्या व्हीसारखा डायपोल (दोन समान बाजूंची तारेची अँटेना) पुरेसा. 7.030 मेगाहर्ट्झला हिशेबाने प्रत्येक बाजू 10.17 मीटर येते. प्रत्येक तार थोडी जास्त, 10.4 मीटर कापा आणि जुळेपर्यंत टोकं दुमडत जा. दोन्हीकडे 5 सेंटीमीटर दुमडलं की अनुनाद (अँटेना जिथे जुळते ती वारंवारता) सुमारे 35 किलोहर्ट्झ वर सरकतो. कातळात खुंटी शिरत नाही, म्हणून ताणदोर दगडांना बांधा. अजिंक्यतारा टाळलेला बरा, तिथल्या प्रक्षेपण मनोऱ्याशेजारी दुबळे संकेत ऐकणं कठीण.

वडिलांची जुनी पितळी की असेल तर तीच जोडा. संपर्कबिंदूंवर पॉलिश पेपर मारू नका. जाड कागदाची पट्टी मध्ये धरून ओढली की काजळी निघते. कीची पिन मोनो (दोनच जोडांची) असेल तर आधी मेनूत 'स्ट्रेट' निवडा, नाहीतर पॅडलची (टिंब आणि रेघेसाठी वेगळ्या बाजू असलेल्या कीची) एक बाजू कायम दाबलेली राहते आणि की न दाबताच संदेश सुटतो. साठवलेला संदेश आपोआप पाठवायची सोय आहे, पण या कामाला ती वापरूच नये. टेलिग्राफिस्टचा हात ओळखू येतो, त्याचा मान हातानेच राखावा.

उणिवाही आहेत. स्पीकर नाही, फक्त इअरफोन. वडिलांना शेजारी बसवून ऐकवायचं तर वाय-स्प्लिटर (एका जोडाचे दोन करणारी वायर) लागतो. मोर्सची अक्षरं दाखवणारा पडद्यावरचा डिकोडर हाताच्या असमान मोर्सवर अडखळतो. 200 हर्ट्झची गाळणी (शेजारचे संकेत अडवणारा फिल्टर) गर्दीत छान चालते, मात्र ती 700 हर्ट्झलाच बसवलेली आहे, स्वर खाली घेता येत नाही.

पाठवण्यासाठी केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना हवाच. घराबाहेरून संच चालवण्याच्या अटी आधी वाचा. वडिलांकडे परवाना नसेल तर त्यांनाही की दाबता येणार नाही, परवानाधारकाशेजारी बसून ऐकायला मात्र अडचण नाही. संपर्क झाला की क्यूएसएल कार्डावर (संपर्काची पोच म्हणून पाठवायच्या कार्डावर) वडिलांच्या जहाजाचं नाव आणि 1971 लिहायला विसरू नका.