रिसायकल नायलॉनची सॅक: कापड अस्सल, परतीची वाट अवघड

ही सॅक 'रासायनिक पुनर्चक्रणातून मिळालेल्या नायलॉन ६' ची आहे, असं तिच्या आतल्या लेबलवर लिहिलंय. नायलॉनच्या रंगाईत माझी बरीच वर्षं गेली. डाय-हाऊसच्या लॅबमध्ये शेड जुळवणं हे माझं काम. त्यामुळे कप्पे किती, लॅपटॉप मावतो का, हे बघायच्या आधी मी कापड उजेडाकडे धरलं.

रिसायकल नायलॉनचं दुखणं रंगात चटकन उघडं पडतं. जुनं नायलॉन नुसतं वितळवून पुन्हा सूत काढलं, तर ऊन आणि उष्णता खाऊन त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या आधीच तुटलेल्या असतात. नायलॉन रंगवायला वापरतात तो ॲसिड डाय नावाचा रंग धरून ठेवतात ते साखळीच्या टोकांवरचे अमाइन नावाचे अणुगट. त्यांचं प्रमाण प्रत्येक लॉटमध्ये बदललं की एक सूत गडद रंगतं, दुसरं फिकं, आणि विणलेल्या कापडात पट्टे दिसतात. या सॅकची शेड निळसर राखाडी आहे, म्हणजे दोष लपवू न देणारी. पाठीमागचा सगळा भाग तिरप्या उजेडात न्याहाळला, एकही पट्टा नाही. ओलं पांढरं सुती फडकं दाबून घासलं, त्यावर जेमतेम छटा उतरली. हे नवं नायलॉन आहे असं कोणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं असतं.

याचं श्रेय प्रक्रियेला आहे. नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूपासून बनतं. कड्यासारखा हा रेणू उघडतो आणि जोडला जाऊन साखळी तयार होते. पॉल श्लाक यांनी १९३८ मध्ये हे करून दाखवलं. ही क्रिया उलटीही फिरवता येते. मासेमारीची जुनी जाळी, गालिचे यांतलं नायलॉन वाफ आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने तापवलं की पुन्हा कॅप्रोलॅक्टम मिळतं. ते शुद्ध करताना जुना रंग आणि मळ मागे पडतो, आणि साखळी नव्याने बांधता येते. स्लोव्हेनियात ल्युब्लियाना इथे २०११ पासून हे कारखान्याच्या पातळीवर चालू आहे. नायलॉन ६६ मात्र दोन वेगळ्या रेणूंपासून बनतं, ते उलटवणं बरंच किचकट. म्हणून लेबलवर नुसतं 'नायलॉन' न लिहिता पुढे ६ चा आकडा घातला, याचं मला कौतुक वाटतं.

पाकिटांवर, पिशव्यांवर 'मास बॅलन्स' लिहिलेलं असतं, तो प्रकार वेगळा. तिथे मिश्र प्लास्टिक हवेविना साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सियसला तापवून तेल काढतात, ते नाफ्थ्यात (कच्च्या तेलातून मिळणाऱ्या द्रवात) मिसळून क्रॅकरमध्ये, म्हणजे मोठे रेणू तोडणाऱ्या भट्टीत, सोडतात आणि जुन्या मालाचा वाटा कागदोपत्री ठरावीक उत्पादनाच्या नावे टाकतात. हातातल्या पाकिटात जुन्या प्लास्टिकचा अंश नेमका किती, हे त्यावरून कळत नाही. या लेबलवर मात्र दावा थेट कापडाबद्दल आहे.

आता तक्रार. सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापलंय: 'वर्तुळ पूर्ण'. सॅक उलटी करून पाहिली. कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा थर, शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याची, खांद्याच्या पट्ट्यांत फोम, बक्कलांवर 'पीओएम' अशी खूण, म्हणजे तेही वेगळंच प्लास्टिक. पाऊस आत येत नाही तो त्या थरामुळेच, हे कबूल. पण तोच थर कापडाला घट्ट चिकटलेला असल्यामुळे नायलॉन वेगळं काढणं कठीण, आणि नायलॉनचं पुन्हा कॅप्रोलॅक्टम करणाऱ्या भट्टीत तो कचरा म्हणूनच जाणार. कंपनीला विचारलं, जुनी सॅक परत घेऊन तिचं काय करता? उत्तर आलं, 'जबाबदारीने विल्हेवाट लावतो.' पुन्हा कॅप्रोलॅक्टम होतं का, यावर एक शब्द नाही. म्हणजे जाळ्याची सॅक झाली, सॅकचं पुढे काहीच ठरलेलं नाही. वर्तुळ म्हणायचं तर माल पुन्हा त्याच दारातून आत यायला हवा.

हे अशक्य नाही. दोरा, चेन, बक्कल हे तिन्ही नायलॉन ६ चे करता येतात. निदान बक्कल तरी खाच असलेलं लावायचं, म्हणजे तुटलं तर शिवण न उसवता बदलता येईल. इथे पट्टा बंद कडीतून ओवून शिवून टाकलाय. रेणूपर्यंत मागे जायला उष्णता लागते, ऊर्जा लागते. दहा मिनिटांत दुरुस्त होणारी वस्तू त्या भट्टीत पाठवणं मला पटत नाही.

बाकी पट्टे खांद्याला काचत नाहीत, चेन मऊ चालते, तळ जाड आहे. नवी सॅक हवीच असेल आणि रंग टिकायला हवा असेल तर निर्धास्त घ्या. घेताना जुन्या सॅकचं पुढे काय होतं, हे कंपनीला लेखी विचारा. असं विचारणारे वाढले तर पुढच्या वेळी कोटिंग आणि दोरा बदलेल.